गबदू रेडकू आणि बत्तीस आभार

कुणाचा हात पुरणपोळीवर बसलेला असतो, कुणाचा पाय सायकलीवर. सुकदेव शेजवळांची जीभ आभारप्रदर्शनावर बसलेली होती. उपनगर नावाच्या भागातल्या मैत्री कॉलनीत जयंती असो, कुणाचा निरोप समारंभ असो की नव्या बोअरिंगचं उद्घाटन, कार्यक्रम संपत आला की निवेदक म्हणायचा, "आणि आता आपले शेजवळ साहेब!" आणि लोक सतरंजीवर जरा सैलावून बसायचे, कारण पुढची वीस मिनिटं कुठं जायचं नसायचं. साहेब हे आपलं प्रेमानं. कचेरीत ते वरिष्ठ लिपिक. पण आभारात मात्र क्लास वन! अध्यक्ष, मांडववाला, माइकवाला, खुर्च्या देणारे, खुर्च्या उचलणारे, ऐन कार्यक्रमात वीज न घालवल्याबद्दल वीज मंडळ, एवढ्यांचे आभार ते हातात कागद न घेता मानायचे. एकोणीस वर्षांत एक नाव सुटलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवायचा प्रयत्नही केला नव्हता.

तर कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी, एका रविवारी सकाळी हा माणूस खिडकीत चहा पीत बसला होता. खाली पोरांचा चेंडू गटारात गेला. तेवढ्यात देवळालीगावच्या विमलाबाई लुनावर दुधाच्या किटल्या लावून आल्या. त्यांनी लुना उभी केली, पदर खोचला, हात घालून चेंडू काढला, नळावर धुतला आणि पोरांकडे फेकला. पोरं पुढची ओव्हर टाकायला पळाली. थँक्यू नाही, काही नाही.

"अंजली!" शेजवळ हळहळले. "ही पिढी आभार मानायचं विसरली गं!"

"चहाचा कप खिडकीत ठेवू नका, आत आणून द्या," अंजलीबाई आतून म्हणाल्या.

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं शेजवळांना वाटलं नाही. कप खिडकीतच राहिला आणि त्यांच्या डोक्यात पुस्तक शिरलं. लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक लिहायचं. हसत हसत मुलांना कळलं पाहिजे की आपल्यासाठी कुणी काही केलं तर दोन गोड शब्द बोलावेत.

गोष्ट त्यांनी दोन दिवसांत लिहिली, आणि खरं सांगायचं तर चांगली लिहिली. गबदू नावाचं एक रेडकू असतं. ते दिसेल त्याला थँक्यू म्हणत सुटतं. कानातल्या गोचिड्या काढणाऱ्या कावळ्याला थँक्यू, डबक्याला थँक्यू, द्वारकेच्या चौकातल्या सिग्नलला आपल्यासाठी करकचून ब्रेक दाबणाऱ्या एसटीला थँक्यू. एसटीचा ड्रायव्हर त्यावर जे बोलतो ते गबदूला आशीर्वादच वाटतात. शेवटी ते गोठ्यात येतं आणि त्याच्या लक्षात येतं की सगळ्या गावाला थँक्यू म्हटलं, पण रोज दूध पाजणारी आई राहिलीच. मग ते काय करतं, ते शेवटच्या चित्रात.

कॉलनीत बातमी फुटायला संध्याकाळ लागली नाही. वरच्या मजल्यावरच्या मंगलाबाई जिन्यातच म्हणाल्या, "भाऊ, रेडकू कशाला? ससा घ्या ना. दिसायला गोरा असतो." निवृत्त मुख्याध्यापक आव्हाड गुरुजींचं मत सिंहाच्या बाजूनं पडलं. सिंह असला की प्रस्तावनेत दोन शब्द बरे लिहिता येतात, असं ते म्हणाले. प्रस्तावना त्यांना कुणी मागितली नव्हती. पण शेजवळ रेडकावर ठाम राहिले. विमलाबाईंच्या गोठ्यात एक तयार होतं आणि चित्र काढेपर्यंत ते एका जागी उभं राहायचं, हा मुद्दा सशाला लागू होत नव्हता.

चित्रं अंजलीबाईंची. त्यांच्या हातात कला होती आणि ती कॉलनीनं पुरेपूर वापरली होती. आजूबाजूच्या निम्म्या पोरांची पचनसंस्था त्यांनीच काढलेली. सूर्यमाला, पवनचक्की, द्राक्षावरची कीड, सगळे तक्ते त्यांचे. पोरांना दहापैकी नऊ मार्क पडायचे आणि तक्त्याखाली नाव पोरांचं असायचं. आता त्या आठ दिवस दुपारी कागद घेऊन गोठ्यात जाऊन बसल्या. विमलाबाई मागं उभ्या राहून सूचना करायच्या.

"ताई, कान आजून लांब हाय त्याचा. आन डोळ्यात जरा बावळटपणा घाला. लय बावळट हाय त्यो."

अंजलीबाईंनी बावळटपणा घातला. चौदा चित्रं झाली. अशी झाली की शेजवळांनी पहिलंच पान उलटलं आणि ते कचेरीच्या कपड्यात भिंतीला टेकून हसत बसले. अंजलीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "माझं नाव कुठं येईल?"

"येईल ना! आभारात येईल," शेजवळ डोळे पुसत म्हणाले.

द्वारकेजवळ राजूभाऊंचा छापखाना होता. राजूभाऊंनी चार कागद घेतले, एकात एक घातले, मधोमध दुमडले आणि पुस्तक कसं बनतं ते दाखवलं. "साहेब, ही झाली सोळा पानं. मधोमध पिना मारल्या की काम झालं. एक पान वाढवतो म्हणाल तर नाही जमणार, कागद वाढवला की चार पानं वाढतात. आणि कुंभमेळ्याच्या पत्रकांनी सगळ्या बाजारातला कागद खाल्लाय. तेव्हा सोळा म्हणजे सोळा."

शेजवळांनी हिशोब केला. पहिल्या पानावर नाव, मग चौदा चित्रं, शेवटच्या पानावर आभार. सोळा! मापात शिवलेल्या सदऱ्यासारखं पुस्तक बसलं होतं. इथंच थांबले असते तर ही गोष्टही इथंच संपली असती.

पण पुस्तक शाळांमधून वाटायचं म्हणजे परवानगी आली. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. तिथल्या टेबलामागच्या माणसानं शेजवळांना "उद्या या" असं सांगितलं. बावीस वर्षं शेजवळ हे वाक्य दुसऱ्यांना सांगत आले होते, ऐकायची वेळ पहिल्यांदाच. ऐकायला ते बोलण्याइतकं सोपं नसतं, हे त्यांच्या तिथंच लक्षात आलं. चौथ्या उद्याला तो माणूस म्हणाला, "रेडकू अभ्यासक्रमात बसत नाही."

"त्याला बसवायचं नाहीये, वाचायचंय," शेजवळ म्हणाले.

"मग असं करा. शिक्षणक्षेत्रातल्या जाणकाराची प्रस्तावना जोडा. आणि आमच्या साहेबांचा शुभेच्छा संदेश छापा, फोटोसह. फाइल हलेल."

जाणकार तयारच होते. आव्हाड गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोन पानांची प्रस्तावना आणून दिली. त्यात नांदगावला गेलेलं त्यांचं बालपण होतं, त्यांना मिळालेले पुरस्कार तारखांसह होते आणि शेवटच्या ओळीत ‘सदर रेडकू बोधप्रद आहे’ असा उल्लेख होता. चौदा चित्रं बारा पानांत बसवावी लागली. चित्र नुसतं लहान करून छापलं की रेघा काळ्या होतात, असं राजूभाऊ म्हणाले, म्हणून अंजलीबाईंनी चौदाच्या चौदा पुन्हा काढली.

मग पतसंस्थेचे चेअरमन बेंडकुळे आण्णा. कागद त्यांच्याकडून येणार होता. ते मोठ्या मनानं म्हणाले, "मुलांसाठी आहे, मला काही नको. फक्त एक पान. फोटो पासपोर्टचा नको हं, कमरेपर्यंत घ्या." एक पान आण्णांचं, एक कार्यालयाच्या साहेबांचं. बारांची दहा पानं झाली. अंजलीबाईंनी चौदा चित्रं पुन्हा काढली.

आणि मग आभार. एकोणीस वर्षांची सवय हो! शेजवळ लिहायला बसले की नावं आपोआप यायची. गोंद दिला त्याचं नाव, पेन्सिलीला टोक करायचं यंत्र दिलं त्याचं नाव, गोठ्यापर्यंत स्कूटरवरून सोडलं त्याचंही नाव. शिवाय लोक आता जिन्यात मुद्दाम थांबून नमस्कार करू लागले. मंगलाबाई म्हणाल्या, "ससा घ्या म्हणून मी सांगितलं होतं. ऐकलं नाहीत ते जाऊ द्या, पण सांगितलं तर होतं ना?" त्यांचं नाव ‘मौलिक सूचनांबद्दल’ या मथळ्याखाली गेलं. होता होता बत्तीस नावं झाली, हुद्द्यांसकट. एका पानाची तीन पानं झाली. दहांची आठ. अंजलीबाईंनी चौथ्यांदा कागद समोर ओढला आणि एवढंच म्हणाल्या, "आता हे रेडकू उंदरासारखं दिसायला लागलंय." पण काढली. चौदा.

पुस्तक छापायला गेलं आणि तपासायची मुद्रितं घरी आली. अंजलीबाईंनी हात पुसून ती घेतली आणि सरळ शेवटून वाचायला लागल्या. बत्तीस नावं वाचली. त्याखाली एक वाक्य होतं. शेजवळांचं हे हातखंडा वाक्य. छातीवर हात ठेवून म्हटलं की हमखास टाळी. ‘घरच्या मंडळींचे आभार मानून त्यांना परके करण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो.’

"छान आहे," अंजलीबाई म्हणाल्या आणि कागद घडी करून टेबलावर ठेवला.

दुसरा कुणी नवरा असता तर त्या ‘छान’वर जागच्या जागी थबकला असता. शेजवळ आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा अंजलीबाई दारात हात जोडून उभ्या.

"आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळ काढून आपण आंघोळ केलीत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे."

शेजवळ हसले. बायको गमतीत आहे असं त्यांना वाटलं. पण ताटावर बसले तर, "भाजी गोड मानून घेतल्याबद्दल आभारी आहे." टॉवेल दोरीवर टाकला, "मोलाच्या सहकार्याबद्दल आभारी आहे." मंगलाबाई साखर मागायला आल्या, त्यांच्यासमोर, "पंखा बंद केल्याबद्दल शेजवळ साहेबांची मी ऋणी आहे." मंगलाबाई साखर न घेताच ही बातमी घेऊन वर गेल्या. सोमवारी कचेरीत डबा उघडला तर पोळीवर चिठ्ठी. ‘डब्याचा स्वीकार केल्याबद्दल धन्यवाद.’ शेजारच्या टेबलावरच्यांनी ती मोठ्यानं वाचली. शेजवळांची मान खाली गेली ती पाच वाजेपर्यंत वर आली नाही.

घरी आल्यावर ते भडकले. "अगं, घरात कुणी आभार मानतं का? परक्यासारखं वाटतं माणसाला!"

"हो ना?" अंजलीबाई शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या. "तुमचंच वाक्य आहे. आभार मानले की माणूस परका होतो. म्हटलं, कसं वाटतं ते बघा एकदा." मग हातातली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "आभार नकोत हो मला. पचनसंस्था पोरांच्या नावावर गेली, सूर्यमाला गेली, मला कधी काही वाटलं नाही. पण हे पुस्तक आपलं होतं. चौदा चित्रं चार वेळा काढली मी. टोकयंत्रवाल्याचं नाव आहे आणि माझं नाही. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं."

बोलायला शेजवळांना बत्तीस माणसं लागत, इथं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते निघाले. द्वारकेला गाड्या नेहमीप्रमाणे चारी बाजूंनी एकमेकांत घुसून उभ्या होत्या आणि रिक्षात अर्धा तास बसून शेजवळ मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होते. "राजूभाऊ, शेवटच्या पानावर फक्त एक ओळ वाढवा." छापखान्यात पोचले तर पाचशे प्रती छापून, दुमडून, थप्प्या लावून तयार. पिना तेवढ्या मारायच्या राहिल्या होत्या.

"मग नुसतं शेवटचं पान काढून नवीन छापू," शेजवळ म्हणाले.

"शेवटचं काढलं की पहिलं जातं, साहेब. कागद एकच आहे तो." राजूभाऊंनी सगळ्यात बाहेरचा कागद उलगडून दाखवला. एका अंगाला शीर्षक आणि कार्यालयाचे साहेब, दुसऱ्या अंगाला आभार. त्याच्या आतल्या कागदावर एकीकडे आव्हाड गुरुजी, दुसरीकडे कमरेपर्यंत बेंडकुळे आण्णा आणि आभारांचं सुरुवातीचं पान. "तुम्ही मान दिलेली सगळी माणसं या दोन कागदांवर आहेत, आणि रेडकू आतल्या दोन कागदांवर." मग त्यांनी आतलं एक पान बघितलं आणि ते घुटमळले. "राग मानू नका, पण वहिनींचं नाव मी सगळीकडं शोधलं. रेडकाला सुद्धा शेवटच्या पानावर आई आठवते. तुम्हाला..." पुढचं त्यांनी गिळलं. गिऱ्हाईक होतं ना समोर.

शेजवळ थप्पीशेजारच्या स्टुलावर बसले. बेंडकुळे आण्णांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, प्रस्तावना गेली तर अडणारी फाइल आली, एकोणीस वर्षांची कीर्ती आली. मग त्या सगळ्यांच्या मधून चौथ्यांदा कागद ओढणारा अंजलीचा हात आला.

"बाहेरचे दोन्ही कागद काढा," ते म्हणाले.

"आण्णांचा पण?"

"काढा म्हणतो ना! सगळ्यांचे काढा!" हे ते इतक्या जोरात ओरडले की राजूभाऊंनी मशिन बंद केलं.

राहिली आठ पानं, निव्वळ गबदू. पण मुखपृष्ठ वेगळ्या जाड कागदावर छापून झालं होतं आणि त्यावर फक्त ‘लेखक : सुकदेव शेजवळ’. खाली बोटभर जागा मोकळी होती. इथं मात्र सरकारी नोकरी कामाला आली. शेजवळ तडक शिक्के बनवणाऱ्याकडे गेले आणि रबरी शिक्का करून आणला, ‘चित्रे : अंजली शेजवळ’. सोबत जांभळ्या शाईचं पॅड. पुढचे तीन दिवस कचेरीतून परस्पर छापखान्यात जाऊन ते शिक्के मारत बसले. आयुष्यात त्यांनी हजारो कागदांवर न वाचता शिक्के मारले होते. हे पाचशे मात्र प्रत्येक वेळी वाचून मारले. बोटं जांभळी झाली. घरी त्यांनी सांगितलं की कचेरीत जुन्या फायलींचं काम निघालंय, आणि अंजलीबाईंनी माहिती पुरवल्याबद्दल त्यांचे आभार मानले.

रविवारी कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये प्रकाशन. व्यासपीठावर बेंडकुळे आण्णा, आव्हाड गुरुजी, साहेबांच्या वतीनं टेबलामागचा तो माणूस. दाराशी एकदम गलका झाला. विमलाबाई रेडकाला दोरी बांधून घेऊन आल्या होत्या.

"पुस्तक त्याचं हाय, मंग त्याला नको का आणायला?"

हॉलमधली सगळी पोरं बाहेर धावली. आण्णांनी अर्ध्या रिकाम्या हॉलसमोर रिबीन सोडली, पुस्तक उघडलं. पहिलं पान, रेडकू. उलटं करून मागून उघडलं, तिथंही रेडकू. आण्णांनी पुस्तक झटकून पाहिलं.

शेजवळ घाईनं माइकपाशी गेले. "आण्णा, गुरुजी, तुमची पानं मी गाळलेली नाहीत. ती पोरांच्या हातात पडली असती, चुरगळली असती. म्हणून प्रत्येकासाठी वेगळी ठेवलीत, संग्रहासाठी." आणि त्यांनी पिशवीतून लाल फितीनं बांधलेल्या गुंडाळ्या काढून व्यासपीठावरच्यांच्या आणि आभारातल्या बत्तीस जणांच्या हातात एकेक दिली. आण्णांनी आपली गुंडाळी उलगडली, हात लांब करून न्याहाळली. "हे बाकी चांगलं केलंत. फ्रेम करता येईल," ते म्हणाले. गुरुजी स्वतःची प्रस्तावना वाचण्यात केव्हाच रमले होते. टेबलामागच्या माणसानं साहेबांच्या फोटोची घडी पडणार नाही अशी गुंडाळी नीट बगलेत धरली आणि "उद्या या, परवानगी घेऊन जा," म्हणाला. खरं सांगतो, बत्तिसांपैकी एकानंही रेडकाची चौकशी केली नाही.

"आणि आता," निवेदक म्हणाला, "आपले शेजवळ साहेब!"

लोक सैलावून बसले. मंगलाबाईंनी पाय पसरले. शेजवळांनी माइक धरला. नेहमीची सगळी वाक्यं ओळीनं जिभेवर आली आणि सगळी परत गेली. दुसऱ्या रांगेत अंजलीबाई मांडीवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचं बोट मुखपृष्ठावरच्या जांभळ्या अक्षरांवर होतं.

"अंजली," शेजवळ म्हणाले. "चौदा चित्रं. चार वेळा काढली हिनं. मी... माझ्या लक्षात नाही आलं. चुकलो. थँक्यू."

आणि ते खाली बसले. माइकवाला गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचे आभार राहिले होते. हॉलमध्ये कुणाला टाळ्या वाजवाव्यात की पाय आवरावेत कळेना. तेवढ्यात दारातून विमलाबाईंचा आवाज आला, "आन माझ्या रेडकाला कोन थँक्यू म्हननार?" मग जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्यात रेडकानंही गळा काढला. पोरं पुस्तकं घेऊन अंजलीबाईंभोवती जमली. त्या प्रत्येक पुस्तकावर सही करत होत्या आणि सहीशेजारी एक लांब कान काढून देत होत्या. एका मुलीनं सही घेतली, चार पावलं गेली आणि परत येऊन थँक्यू म्हणून गेली. अंजलीबाईंनी ओठ दाताखाली धरले.

"शिक्का तिरका बसलाय," शेजवळ जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, आणि आपली प्रत पदराआड धरली.

संध्याकाळी त्यांनी दळणाचा डबा शेजवळांच्या हातात दिला. शेजवळ गिरणीवर गेले, रांगेत उभे राहिले, गरम डबा खांद्यावर घेऊन तीन जिने चढले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. आता त्या हात जोडणार. आता म्हणणार, बहुमोल सहकार्याबद्दल...

अंजलीबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "ठेवा तिकडं. आणि तो खिडकीतला कप आणा."

शेजवळांनी कप आणला, विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि काही काम नसताना तिथंच उभे राहिले. तिनं आभार मानले नाहीत. एकोणीस वर्षांत एवढं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.